वाघापुढे रानडुक्कर

पुणे, १४ मार्च

बाबा, तुमच्या रागिणीचा नमस्कार.

मी बरी आहे. इथे भाजीत गूळ घालतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

वर्गात सध्या एक खेळ सुरू आहे. कागदावर प्राण्यांच्या जोड्या लावतात. प्रत्येक फेरीत कोण जिंकेल ते आपण आधीच लिहायचं, मग सर अभ्यासाच्या आधारे ती लढत रंगवून सांगतात. हरलेला बाद, जिंकलेला पुढच्या फेरीत.

मी शेवटपर्यंत रानडुक्करच लिहिलं. सगळे हसले. "अगं बाळापूरकर, बिबट्यापुढे डुक्कर कसलं टिकतंय!" मी म्हणाले, "माझ्या बाबांच्या मांडीवर डुकराच्या सुळ्यानं पडलेले सोळा टाके आहेत." सर म्हणाले, "हा पुरावा नाही."

अकोल्याच्या दवाखान्यात तुम्ही म्हणाला होता, "पोरी, त्याले लढायचं नव्हतं, रस्ता पाह्यजे होता. अडवला तर तो वाघालेही नाही मोजत." मी तेच लिहून दिलं, तुमच्या नावासकट.

काल निकाल लागला. बिबट्या माघारी गेला. जखमी झाला तर त्याला शिकार करता येत नाही, हे सरांनीच वाचून दाखवलं.

आता पुढच्या फेरीत वाघ आहे. "पेन्सिलीनं लिहिलंयस, बदल अजून," असं मैत्रिणी सांगतात. मी रानडुकराचं नाव पेनानं गिरवलं.

आईला यातलं काही सांगू नका. तिला त्या डुकराचं नावही चालत नाही.

पाय अजून दुखतो का? गव्हात एकटे जाऊ नका. आणि गेलातच, तर त्याला रस्ता द्या.

तुमचीच,
रागिणी