सुवर्णाचा नंबर कुठं ठेवायचा

७ फेब्रु. ९९, रवि. सांगली

रक्तदाते मंडळाची बैठक, डॉ. शेट्यांच्या दवाखान्यात. विषय एकच, दात्यांची माहिती इंटरनेटवर टाकायची तर ती कुणाच्या मशीनवर ठेवायची. प्रोग्राम मी लिहिलाय. रक्तगट निवडा, गाव निवडा, की 'दाता आहे' एवढंच दिसतं आणि खाली मंडळाचा फोन. दात्याचं नाव, नंबर बाहेरच्याला दिसत नाही, ते आम्ही बघून कळवायचं. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर झकास चालतो. पण क्लासला संध्याकाळी कुलूप लागतं, आणि रक्त काही क्लासची वेळ बघून लागत नाही.

तीन जागा शोधून गेले होते. पुण्याची कंपनी फुकट देते, पण तिथं सगळी माहिती एकाच फाइलीत, आणि ती फाइल वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये. बंगळूरची पैसे घेते, पण माहितीसाठी वेगळा, कुलूपबंद सर्व्हर. अमेरिकेतली उत्तम, पण क्रेडिट कार्ड लागतं, ते आमच्यात कुणाकडंच नाही.

दुसरीवर आले नाही तोच डॉ. म्हणाले, "पुणं. माझ्या साडूचा मुलगाच आहे तिथं. फुकट म्हटल्यावर बोलायचं काय?"

झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. 'कुलूपबंद म्हणजे काय गं' एवढं तरी एकानं विचारावं! उलट, "वैशाली, पाच चहा सांगतेस का?"

सांगितला. राग चहाबरोबर गिळला.

१६ फेब्रु.

पुण्याला एसटीडी. साडूचा मुलगा म्हणजे मिहीर. गोड बोलतो. म्हटलं, माहितीची फाइल वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर जो तिचं नाव टाइप करेल त्याला ती अख्खी उतरवून घेता येईल. तर म्हणतो, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. फ्री अकाउंटला बाहेरचं फोल्डर नसतं. आणि सांगलीतल्या ब्लड डोनरची फाइल कोण कशाला उतरवेल?"

डॉ.ना तेच सांगितलं. "तू फार शंका काढतेस."

शंका! प्रोग्राम माझा, आणि शंका काढायच्या नाहीत.

१ मार्च

उद्घाटन. नारळ मॉनिटरसमोर फोडला, पाणी कीबोर्डात गेलं.

११ मार्च

कराडहून फोन. बाळंतीण, बी निगेटिव्ह. तिच्या दिरानं कॉलेजात वेबसाइट पाहिली, मंडळाला फोन केला, आणि इस्लामपूरचे एक शिक्षक मोटरसायकलवरून जाऊन रक्त देऊन आले. बाई आणि मूल सुखरूप. डॉ.नी फोनवर दोनदा सांगितलं मला.  त्यांच्या धाकट्या भावाला वेळेवर रक्त मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी हे मंडळ काढलं. माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त चीड येते.

२ एप्रिल

साताऱ्याहून फोन, क्लास चालू असताना. रिटायर्ड सुभेदार. त्यांची मुलगी सुवर्णा आमच्याकडं दाता, ओ निगेटिव्ह. एमआयडीसीत पॅकिंगला आहे.

"आवं मॅडम, ही काय पद्धत हाय? कोन माणूस हाय, रोज फोन करतोय. माज्या पोरीचं नाव घेऊन इचारतोय. नंबर कुठनं मिळाला म्हटलं तर म्हनतोय, इंटरनेटवरनं."

मी म्हटलं, वेबसाइटवर कुणाचाच नंबर दिसत नाही, दुसरीकडून मिळाला असेल.

"तिचं वजन किती ते बी त्याला ठावं हाय! वजन दुसरीकडनं मिळतं व्हय?"

वजन. वजन फक्त आमच्या फॉर्मवर.

फोन ठेवला. मुलांना म्हटलं, आज क्लास इथंच संपला. इंटरनेट लावलं, फाइलीचं नाव टाइप केलं. पासवर्ड नाही, काही नाही, आली आपली उतरून. सगळे दाते. नाव, घर, फोन, वय, वजन, मागच्या वेळी रक्त कधी दिलं. माझंही नाव.  

३ एप्रिल

मिहीर: "फुकटात एवढंच मिळतं, मॅडम."

हे आधी का नाही बोलला? बोलला होता म्हणे. 'फ्री अकाउंटला बाहेरचं फोल्डर नसतं.' त्याच्या लेखी झालं सांगून.

डॉ.: "एका टवाळासाठी सगळं बंद करायचं? कराडची बाई आठव. असं कर, मुलींची नावं काढून टाक. पुरुषांना कोण फोन करतंय?"

पुन्हा विचारलं, नीट ऐकलं ना मी. हो, मुलींची नावं. कुलूप लावायला नको, दाराबाहेर मुलींनाच काढा! फाइल उघडी टाकणारा मोकळा, फोन करणारा मोकळा, आणि रक्त देणारी बाद. फोन ठेवून दिला. बोलले असते तर फार बोलले असते.

४ एप्रिल, सातारा

सकाळच्या एसटीनं गेले. कुणाला न विचारता. तोंड दाखवणं भाग होतं.

सुभेदारांनी बसा म्हटलं, पण स्वतः उभेच. "अठ्ठावीस साल नोकरी केली. आमच्या युनिटचा कागद कवा बाहेर गेला न्हाई. आन् तुमी माज्या पोरीचा कागद चव्हाट्यावर मांडला. नाव काडा. आजच्या आज."

मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून सुवर्णा आली. बारीक, कारखान्याची टोपी घालून घालून कपाळावर वळ पडलेला.

"मला कुनी इचारलं का?"

"तू गप," सुभेदार.

"गप का? रक्त माजं हाय. गेल्या साली सिव्हिलला त्या पोराला दिलं तवा तुमीच गल्लीत सांगत हिंडला की." मग माझ्याकडं वळून, "नाव काडू नका. फकस्त जागा बदला. कुठं ठेवायचं ते तुमास्नी कळतंय न्हवं?"

कळतंय. फेब्रुवारीपासून कळतंय.

येताना सुभेदार स्कूटरवरून स्टँडवर सोडायला आले.  उतरल्यावर एवढंच, "तो फोनवाला घावला तर मला सांगा."

५ एप्रिल

पुण्याची फाइल पुसली. वेबसाइट बंद. पासवर्ड माझ्याकडंच होता. एक प्रत फ्लॉपीवर, माझ्या कपाटात. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडची कशी पुसू? कितीजण असतील?

डॉ. क्लासवर आले, जिन्यातूनच आवाज. "कुणाला विचारून बंद केलंस?"

"ज्यांची माहिती आहे त्यांच्यातल्या एकीला."

"आणि उद्या कुणाला रक्त लागलं तर?"

"मी फोन करेन. फ्लॉपीवर आहे सगळं. रात्री-बेरात्री सुद्धा."

मुलांसमोर झालं. डॉ. परत गेले. मला वाईटही वाटलं. राग मात्र जराही कमी नाही.

१४ एप्रिल, रहिमतपूर

जयंतीसाठी घरी. विहारात वंदना, दुपारी मिरवणूक, लेझीम. आईनं पुरणपोळ्या केल्या, खाल्ल्या पण लक्ष नाही. आण्णांच्या ते ध्यानात आलं. सगळं सांगितलं. आण्णा पोस्टात होते, त्यांना सर्व्हर कळत नाही, पण मधे एकदाही थांबवलं नाही.

शेवटी म्हणाले, "तू फोनवर इचारलंस, त्यानं फोनवर सांगितलं. वाऱ्यावर गेलं सगळं. लिवून इचार. लिवून उत्तर देईल त्योच खरा."

अगदी साधी गोष्ट. मला का सुचली नाही! चौघांच्या होकारापुढं मी आवाज चढवत बसले, कागद कुणाच्याच हातात दिला नाही.

१७ एप्रिल

पुणे आणि बंगळूर, दोघांनाही तीच ई-मेल. माहिती कुठं राहणार? कोण बघू शकेल? मशीन बिघडलं तर दुसरी प्रत कुठं? आम्ही सोडून गेलो तर आमची माहिती परत देऊन तुमच्याकडची पुसणार का?

२३ एप्रिल

पुणे: रंगीत माहितीपत्रक. 'शंभर टक्के सुरक्षित.' प्रश्नांना उत्तर नाही.

बंगळूर: चारी प्रश्नांखाली चार उत्तरं. माहिती वेगळ्या मशीनवर, तुमच्या प्रोग्रामशिवाय कुणी विचारलं तर उत्तर देणार नाही. प्रत रोज. सोडून गेलात तर परत देऊ आणि पुसू. 'कोण बघू शकेल' खाली लिहिलंय की आमचे दोन इंजिनीअर बघू शकतात, ते टाळता येत नाही, त्यांची नावं सोबत.

वाचून बरं वाटलं. 'कुणीच बघू शकत नाही' असं लिहिलं असतं तर मी फेकून दिलं असतं.

क्रेडिट कार्ड नको, ड्राफ्ट चालतो. पण मंडळाच्या खात्यातून ड्राफ्ट म्हणजे अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे कोण ते सांगायला नको.

२८ एप्रिल

मधे मिरजेहून फोन आला, ए निगेटिव्ह. फ्लॉपी लावून, फोन करून दाता मिळवला. चौथ्या फोनला. वेबसाइट असती तर त्या लोकांना आमचा फोन शोधत दोन दवाखाने फिरावं लागलं नसतं. डॉ. म्हणतात ते हे, आणि ते खोटं नाही.

कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले. बंगळूरचं उत्तर, पुण्याचं माहितीपत्रक, दोन्ही शेजारी शेजारी. "वाचतो," म्हणाले. मान वर केली नाही.

५ मे

डॉ.चा फोन. वाचलं त्यांनी. खरंच वाचलं, प्रत कुठं राहते तेसुद्धा विचारलं. "बंगळूर चालेल. सही करतो. मिहीरला काय सांगायचं ते मी बघतो."

मी खुर्चीतून उठलेच.

"पण मुलींची नावं नकोत. पुन्हा काही झालं तर मी कुणाच्या बापाला तोंड देऊ?"

म्हणजे भीती बापाची! मुलीचं काय होईल याची नाही. म्हटलं, "डॉक्टर, त्यात माझंही नाव आहे. ओ पॉझिटिव्ह. मुली काढायच्या तर तेही निघेल, आणि माझ्याबरोबर प्रोग्रामही."

  डॉ.: "उद्या बोलू. दवाखान्यात ये."

संध्याकाळी सुवर्णाचा फोन. तो माणूस अजून फोन करतो, पण कमी. वेबसाइटचं काय झालं विचारत होती. झालं ते सांगितलं.

"डॉक्टर मला वळखतात का?"

नाही.

"मग उद्या मी येते. माज्याकडं बगून सांगू द्या की त्यास्नी, काडा म्हणून."

म्हटलं, वडिलांना विचारलंस का?

"सांगितलंय. इचारलं न्हाई."