पाहुण्यांपुढं राहिलेली चेन

विश्रामबाग, सांगली
१६ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. चंद्राअक्कास,
धाकट्या जाईचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी आहे का? दाजींनाही नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस, कारण स्थळ त्यांनीच सुचवलं होतं.

रविवारी साताऱ्याचे पाहुणे मला बघायला पलूसला आपल्या घरी आले. मुलगा नानासो, दाजींच्याच कॉलेजात बारावीला गणित शिकवणारा, आणि त्याचे मामा कोंडीबा (फौजेतले पेन्शनर, खुर्चीतसुद्धा सावधानमध्ये बसतात). मी पोहे देऊन बसले खरी, पण मन जागेवर नव्हतं. सध्या मला डिफरन्शिएशनचं वेड लागलंय. उसानं भरलेली गाडी चढ चढताना दिसली, तरी कुठं चढ किती वाढला तेच बघत राहते (परवा अशीच बघत राहिले आणि हजेरी हुकली).

मामांचे प्रश्न संपले, तसा नानासोनं खाली बघत विचारलं, "साइन एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह काय?" अक्का, इतका गोड प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी डोळे मिटले. बाहेर साइन, आत एक्सचा वर्ग. आधी बाहेरच्याचं करायचं, मग आतल्याचं, मग दोन्हींचा गुणाकार. "टू एक्स कॉस एक्स स्क्वेअर," मी म्हटलं. तो हळूच म्हणाला, "नुसतं कॉस एक्स स्क्वेअर."

"तुमची चेन राहिली," मी म्हणाले. (आतल्याचंही करायचं, त्या नियमाला चेन रूल म्हणतात. तेच म्हणायचं होतं, पण रूल तोंडातच राहिला.)

आण्णांचा अडकित्ता थांबला. "चेनीचं बोलणं कवा झालं?"

"आमी कुटं काय मागितलं?" कोंडीबामामा म्हणाले. "पर पोरगीच म्हणतीया, तर आमी न्हाई कशाला म्हणावं?"

समजावून सांगायला मी पाटी मागितली, तर आईला वाटलं मी तोळे लिहून देणार. नानासो मात्र पोह्यांकडे बघत बोटानं मांडीवर काहीतरी लिहीत होता. शेवटी "कळवतो" म्हणून पाहुणे उठले. मी इथं होस्टेलवर परत येईपर्यंत आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. शिकून पोरगी बैठकीत दागिन्याचं बोलायला लागली, आता परीक्षा झाली की कॉलेज बंद, असं आईजवळ म्हणालेत. तू त्यांची समजूत काढ. आणि स्थळाला माझा नकार कळव. चेन रूल विसरणाऱ्या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा?

तुझी,
जाई

ता. क. हे पत्र टाकायला निघाले, तर नानासो आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. म्हणाला, "बरोबर तुमचंच होतं. घाबरलो आणि आतल्याचं करायचंच विसरलो. मामांना सांगितलंय, कसलीच चेन नको." त्यानं तेच गणित वर्गात फळ्यावर घातलं, आणि हे आपलं चुकलेलं एका मुलीनं सुधारलं, असं मुलांना सांगितलं म्हणे. बोलता बोलता साताऱ्याची एसटी गेली. तिच्यामागचीही गेली.

पुन्हा ता. क. वरचा नकार कळवू नकोस. माझी बी. एस्सी. पुरी होईपर्यंत तो थांबायला तयार आहे, एवढं आण्णांना सांग. जाई तयार आहे का, असं त्यांनी विचारलं, तर साताऱ्याच्या दोन एसट्या गेल्या, एवढंच सांग. त्यांना कळेल.