आईचं इंग्रजी

आईला लांबूनच नमस्कार.

मी ठणठणीत आहे. गोदामातलं काम हलकं आहे, जेवणही वेळेवर होतं.

तू इंग्रजी शिकायला घेतलंस, छान. पण लोक 'कॅट', 'रॅट'पासून सुरुवात करतात. तुझा पहिलाच धडा 'बिनाइन' आणि 'मॅलिग्नंट'? मला दूधखुळा समजतेस काय?

उच्चार औषधाच्या दुकानातल्या बाईंकडून शिकलो. अर्थ विचारला, तर त्यांनीच मला विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

बाबा दर पत्राखाली दोन ओळी खरडतात. या वेळी ती जागा कोरी का?

'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी. दुसऱ्याचा अर्थ मी लिहिणार नाही. रिपोर्टवर यातला कोणता शब्द आहे, तेवढं कळव. पण बाबांच्या अक्षरात. तुझं लिहिलेलं मी आता मानणार नाही.

तुझा शंकेखोर,
धाकटा