पडद्यामागचा हत्ती दाखवण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्था-अधिकारी,
तापीकाठ बालवाचनालय, बुऱ्हाणपूर.

विषय : भिंतीवरील प्राण्यांचे चित्र जागेवर आहे की नाही, हे पडदा उचलून एकदा दाखवण्याबाबत.
संदर्भ : चित्राच्या गौरव समारंभाची आपली निमंत्रणपत्रिका.

महोदय,

माझी नात शारदा हिची पाचवी पुजली तेव्हा आमच्या गावाचा सरकारी कारभार नागपूरकडे होता. बारसे झाले तेव्हा तो भोपाळकडे गेला होता. त्याच वर्षी तिच्या बापाने, म्हणजे माझा मुलगा दिगंबर याने, वाचनालयाच्या भिंतीवर हत्ती, वाघ, बैल आणि केळीचा घड घेऊन पळणारे माकड काढले.

१. हत्तीच्या सोंडेला हात लावल्याशिवाय एकही पोर पुस्तक घेत नाही. त्यामुळे सोंडेचा रंग उडाला आहे. यंदा पोळ्याला भिंतीवरच्या बैलाला पुरणपोळी दाखवायची, असे पोरींनी ठरवले आहे. मीही साठी उलटल्यावर त्याच हत्तीखाली मुलांच्या रांगेत बसून अक्षरे शिकलो. हा अर्ज माझ्याच हातचा आहे.

२. अशा चित्राचा गौरव आपण करता, हे चांगलेच. पण पंधरा ऑगस्टच्या समारंभासाठी आपण चित्रावर पडदा टाकला. मंत्री आले नाहीत. समारंभ पुढे गेला, पडदा राहिला, आणि त्याच्या दोऱ्यांना आता लाखेची मोहोर लागली आहे. अनावरण करायचे तर चित्र आधी झाकावे लागते, असे शिपाई पंडित याने मला समजावले. रोज पाहिलेले चित्र झाकून पुन्हा दाखवण्यात काय आहे, ते मला कळले नाही.

३. शनिवारी चुन्याची दोन पिंपे आली. पंडितला विचारले तर म्हणतो, "बाबा, संडास के लिए है." संडास मागच्या अंगणात आहे. मग पिंपे पडद्याला टेकून का ठेवली?

४. काल पोरांनी खालून डोकावून पाहिले. कोकिळा नावाची मुलगी सांगते, "आजोबा, हत्तीचे पाय आहेत. वरचं दिसत नाही." पाय आहेत म्हणून हत्ती आहे, असे मी धरून चालणार नाही. चुना वरून खाली मारतात.

५. उडालेली सोंड नव्याने रंगवून देऊ, असे कोणाच्या मनात असल्यास तेही नको. माझी सून रजनी रोज सायंकाळी शारदाला घेऊन येते, पडद्याकडे पाहते आणि परत जाते.

मोहोर मी तोडणार नाही. पण पोळ्याच्या आधी पडदा एकदा उचलावा. चित्र दिसले की पुन्हा झाकून मंत्र्यांची खुशाल वाट पाहावी.

आपला नम्र, आणि तोवर पडद्यासमोर बसून असलेला,
उखर्डू निंबाजी महाजन
बुऱ्हाणपूर, दि. २० ऑगस्ट १९५७

सोबत : आपली निमंत्रणपत्रिका, परत. चित्रकाराने स्वतः मंचावर बसून हार स्वीकारावा, असे तीत छापले आहे. चित्रकार दिगंबर उखर्डू महाजन दिनांक ९ जून १९५७ रोजी विषमज्वराने वारला.