गोइतोमचा ठावठिकाणा

अडी-हर्गेत,
हिदार ४

चि. काहसाय यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. टेफची कापणी झाली, मळणी उरली आहे. दाणा बरा भरला आहे. तुझे दाजी गुडघा धरून का होईना, रोज पहाटे कडा चढून वरच्या चर्चला जातात. साठी उलटली, आता एखाद्या तरुण माणसाला चढू द्या, असं मी म्हटलं तर म्हणाले, तरुण आहेत कुठे गावात? ते मात्र खरं. तूही आता पोट कमी कर. मागच्या खेपेला तुझ्या म्हाताऱ्या परदेशी पाहुण्या वर पोचल्या आणि त्यांचा वाटाड्या, म्हणजे तू, खाली धापा टाकत बसलास, ही गोष्ट बायका अजून विहिरीवर सांगतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. क्रूसाच्या सणाची शेकोटी विझली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोइतोम समुद्रापलीकडे कामाला म्हणून गेला, हे तुला ठाऊक आहे. दाजी तेव्हा दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. केशीच्या, चर्चच्या धर्मगुरूच्या मुलाने वेदीपाशी उभं राहायचं सोडून अरबांच्या बकऱ्या राखायला जावं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. शेजारचा किरोस त्याच्याबरोबर निघाला होता. किरोस पोचल्याचा निरोप त्याच्या आईला आला. गोइतोमचं विचारलं तर म्हणे, तो दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेला. दलालही तेच सांगतो. अरे, पुढे गेला असेल तर आधी पोचायला नको होता का?

गावात लोक आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दाजींनी एकदाच विचारलं, प्रार्थनेत पोराचं नाव जित्यांत घेऊ की मेलेल्यांत? तेव्हापासून ते कुठेच घेत नाहीत.

तू पाहुण्यांना घेऊन खाली वाळवंटात उतरणार आहेस ना? तिथे विचार. जे कळेल ते जसंच्या तसं लिही, साखर लावू नकोस. आणि लिहूनच कळव. नंतर तू पाहुण्यांसकट इकडे येशील, तेव्हा चारचौघांत तुझ्या तोंडाकडे बघून मला कळायला नको.

मेधिन मामाची आठवण काढते. तुझ्या जिवाला जप. माया कमी करू नकोस, आम्हाला आता तेवढीच आहे.
तुझी ताई,
लेतेब्रहान

---

मेकेले,
हिदार ११

तीर्थस्वरूप ताईस,
काहसायचा शि. सा. नमस्कार.

पत्र हवझेनच्या बसवाल्याने आणून दिलं. माझ्या पोटाची बदनामी विहिरीपर्यंत गेली हे वाचून बायकोला फार आनंद झाला. तिने तो कागद शेजारणीलाही वाचून दाखवला.

ताई, तू लिहायच्या आधीच मी बसस्थानकावर त्या दलालाला गाठलं होतं. त्याने मला कॉफी पाजली, मरियमची शपथ घेतली, पोरगा सुखरूप आहे म्हणाला. फार गोड बोलला. त्या गोड बोलण्याने मला धीर आला, आणि घरी येईपर्यंत त्याच गोड बोलण्याने तो गेला. तरी तू लगेच वाईटाकडे धावू नकोस. बंदरावर धरलेली पोरं महिनोन् महिने कोठडीत पडून असतात आणि एक दिवस दाढी वाढवून घरी येतात. असे दोघे मी स्वतः पाहिले आहेत.

या खेपेला चार पाहुणे आहेत, सगळे वयस्कर. आधी मिठाची जमीन आणि आगीचा डोंगर, मग वर येऊन कड्यातली चर्चं, आणि शेवटी तुझ्या अंगणात कॉफी. आधी नरक, मग स्वर्ग, असं आमचा मालक पाहुण्यांना हसून सांगतो. खाली हुमेद आहे. तिथल्या अफार जमातीचा माणूस, उंट आणि मीठ यांत जन्म गेला, माझी त्याची ओळख मी वाटाड्या झालो तेव्हापासूनची. त्या काळ्या दगडांत कुणाचं पाऊल उमटलं तर हुमेदला कळतं. त्यालाच विचारतो.

मेधिनला सांग, हॉटेलातल्या कामाचं मी विसरलेलो नाही. मालक सणानंतर बघू म्हणतो.

दाजींना साष्टांग नमस्कार. हात डोक्यावर असू द्या.
तुझा,
काहसाय

---

बेरहाले,
ताहसास २

तीर्थस्वरूप ताईस,
काहसायचा शि. सा. नमस्कार.

ताई, आधी खाली बस, मग पुढचं वाच. गोइतोम गेला.

तू जसंच्या तसं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. आगीच्या डोंगराच्या पायथ्याशी हुमेदच्या झोपड्या आहेत. दुपारी पाहुणे सावलीला पडले होते तेव्हा मी त्याला विचारलं. मी नाव सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. म्हणाला, केशीचा मुलगा, हर्गेतचा. मग माझ्याकडे बघून विचारलं, तो तुझा कोण? मी भाचा म्हटल्यावर तो खाली मातीतच बसला.

दीड-दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको बकऱ्या शोधायला गेली होती. काळे दगड जिथे संपतात तिथे बाभळीखाली आपला गोइतोम बसलेला होता. ओठ सुजलेले, पायांत एकच चप्पल. त्यांनी त्याला उचलून झोपडीत आणलं, बोटाने थोडं थोडं बकरीचं दूध तोंडात घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो होता. हुमेदला आपली भाषा येते, बाजारापुरती. त्याने विचारलं, तुझ्या टोळीतले कुठे आहेत? गोइतोम म्हणाला, ते समुद्राकडे गेले. मग तू इथे कसा? तर म्हणाला, "मी घरी चाललोय."

ताई, तो परत फिरला होता. एकटाच. का, ते त्याने सांगितलं नाही. किरोसने ते तुझ्यापासून का लपवलं, तेही मला कळत नाही. दोन दिवस आणखी चालला असता तर चढण लागली असती, गार वारा लागला असता. हुमेद म्हणाला, त्यानंतर तो गावच्या झऱ्याच्या पाण्याबद्दल बोलत राहिला. मग बोलणं थांबलं.

हुमेदने त्याला आपल्या रीतीने पुरलं आणि वर दगड रचले. गळ्यातला बाप्तिस्म्याचा दोरा पाहून हा मुसलमान नाही हे त्याला कळलं होतं. मला म्हणाला, "तुमची प्रार्थना मला येत नाही. मी माझी म्हटली. चुकलं का?" नाही चुकलं, असं मी सांगितलं. त्याने तेव्हाच एका मीठवाल्याजवळ निरोप दिला होता. तो माणूस वाटेत आजारी पडून भलतीकडेच राहिला.

मी दगडांना हात लावून आलो. मग पाहुणे उठले आणि त्यांना घेऊन डोंगर चढलो. वर कडेला उभं राहून एकाने विचारलं, त्या काळ्या दगडांच्या पलीकडे काय आहे? मी म्हणालो, काही नाही.

हे पत्र ट्रकवाल्याच्या हाती पुढे पाठवतो आहे. शनिवारी मला पाहुण्यांना घेऊन तुझ्या दारात यायचं आहे. दुसरा वाटाड्या शोधला, मिळाला नाही. मला माफ कर.

याहून अधिक काय लिहू.
काहसाय

---

अडी-हर्गेत,
ताहसास १२

चि. काहसाय यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मळणीच्या खळ्यावर मिळालं. मेधिन जवळ होती, तिनेही वाचलं. मी तिला म्हटलं, शनिवार होऊ दे, आबांना आत्ता सांगायचं नाही. तो कडा तुला माहीत आहे. वरच्या कपारीत एक पाऊल चुकलं तर खाली दरी. मनात हे घेऊन दाजींनी तिथे चढायला नको होतं. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर ते चढल्याशिवाय राहिले नसते. मग आम्ही दोघींनी बसून टेफ पाखडला.

तू आलास, गुडघा दुखतो म्हणून खालीच थांबलास. दाजी पाहुण्यांना घेऊन वर गेले. संतांची चित्रं दाखवून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं स्तोत्र म्हटलं. दगडात घुमून ते खाली अंगणात ऐकू येत होतं. आपण दोघं ऐकत बसलो. मी कॉफी भाजत होते, धूर होता, ते बरं झालं.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईने माझा हात हातात घेऊन काहीतरी विचारलं. तू माझ्याकडे न बघता मला सांगितलंस की ती विचारते, मुलं किती. मी दोन म्हटलं. तू तिला काय सांगितलंस ते मला कळलं नाही. ती हसली, म्हणजे तूही दोनच सांगितलं असशील.

तुमची गाडी वळणाआड गेल्यावर मी दाजींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूला चालला होता?" मी म्हटलं, समुद्राकडे. काहसाय, मी खोटं बोलले. बापाने दारात येऊन निरोप दिला नाही तरी पोरगं त्याच दाराकडे परत येत होतं, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

रविवारी ते वर गेले आणि मेलेल्यांत त्याचं नाव घेतलं. घेताना आवाज फुटला, पुढचं दुसऱ्याला म्हणावं लागलं. तेव्हापासून ते कडा चढलेले नाहीत. चर्चची किल्ली भिंतीवर टांगलेली आहे. मंडळी दोनदा येऊन गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. एकच म्हणतात, मला त्याच्यापाशी ने, धूप जाळून आपली प्रार्थना म्हणू दे. नेशील का?

तुझी,
ताई

---

मेकेले,
ताहसास २५

तीर्थस्वरूप ताईस,
काहसायचा शि. सा. नमस्कार.

नेईन. तिर महिन्यात, तिमकतचा सण झाला की लगेच निघू. त्यानंतर उन्हं वाढत जातात, दाजींना सोसणार नाहीत. परवान्याचं बोललो आहे, गाडी माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. तुम्ही दोघं, मी आणि गाडीवान. हुमेदला निरोप गेला आहे. त्याने उलटा निरोप पाठवला की दगड ढळलेले नाहीत, तो येताजाता बघतो.

एक विचारतो. हुमेद सरळ माणूस आहे. दाजींनी विचारलं तर तो पाहिलं तेच सांगेल, आणि त्याला आपली भाषा येते, त्यामुळे मध्ये मी बदलून सांगायला वाव नाही. त्याला गप्प राहा म्हणून सांगू का? तू म्हणशील तसं करतो. मला स्वतःला काही सुचत नाही. बायको म्हणते मी झोपेत पाहुण्यांच्या भाषेत बोलतो.

हॉटेलवाल्याने दुसऱ्या कुणाला तरी ठेवलं. मेधिनला आत्ताच सांगू नकोस, मी आणखी एके ठिकाणी विचारतो आहे.

गरम कपडे घ्या, चढणीवर पहाटे थंडी असते. दाजींना काही खायला घाल.
तुमचाच,
काहसाय

---

अडी-हर्गेत,
तिर १४

चि. काहसाय यास,
ताईचे आशीर्वाद.

हुमेदला गप्प बसवू नकोस, आता त्याची गरज नाही. दाजींना कळलं.

तिमकतच्या दिवशी सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत झऱ्यावर गेलं होतं. आम्ही घरीच होतो. मेधिनने चुलीपाशी बसून सांगितलं की दलालाशी तिचं बोलणं झालं आहे, या महिन्यात मुलींची टोळी निघते आहे, ती जाणार. हॉटेलचं मी बोलले. ती म्हणाली, मामा दोन वर्षं तेच सांगतो आहे. मामावर तिचा राग नाही, असंही म्हणाली.

दाजी अंथरुणातून उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठले. दारात जाऊन आडवे उभे राहिले आणि तिची विनवणी करू लागले. हे घर मी तुला देतो, शेत देतो, तुझ्या भावाचं काय झालं ते बघ, त्या दगडांनी त्याला खाल्लं. त्या माणसाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मेधिनने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आबा, तो गेला म्हणून नाही मेला. परत फिरला म्हणून मेला. किरोस नाही फिरला, तो पोचला. मी फिरणार नाही."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. ते दारातून बाजूला झाले आणि उंबऱ्यावर बसले. संध्याकाळी माणसं झऱ्यावरून गात परत आली तरी तिथेच बसलेले होते.

त्यानंतर मी खूप सांगून पाहिलं. कोंडून ठेवीन म्हटलं. ती म्हणाली, किती दिवस? तिच्या वर्गातल्या मुली एकेक करून गेल्या आहेत. तिला राहा म्हणायला माझ्याजवळ एक म्हातारा, एक म्हातारी आणि थोडा टेफ आहे. आणि ती चोरून गेली तर मला पुन्हा तुलाच लिहावं लागेल, की खाली जाऊन विचार.

म्हणून हे लिहिते. गाडीत तिलाही जागा ठेव. भावाच्या कबरीपर्यंत ती आमच्याबरोबर येईल. टोळी तिथूनच जाते, ती तिथे त्यांना मिळणार आहे. तू परक्या माणसांना त्या वाळवंटात नेतोस आणि सगळ्यांना जिवंत बाहेर काढतोस. तुझ्याजवळ जे काही ज्ञान आहे ते तिला दे. हुमेदला सांग, पुढे पाणी कुठे आहे, कुठलं पिण्याजोगं आहे, कुणाच्या झोपडीत बाईमाणसाने थांबावं, ते तिला नीट समजावून सांग. तिच्या पायांत टाचेला बंद असलेल्या चपला हव्यात, मेकेलेहून घेऊन ये. पाय माझ्याएवढाच आहे.

दाजींनी धूप बांधून ठेवला आहे. येतील. कड्यावरच्या चर्चची किल्ली त्यांनी मंडळींना देऊन टाकली. अजून कुणी वर गेलेलं नाही.

एकच मला सुचत नाही. तिथून निघताना तिला काय म्हणू? घरातून कुणी निघालं की आपण लवकर परत ये म्हणतो. ते म्हणायची मला भीती वाटते.

तुला आणि तुझ्या घराला माझी माया.
ताई