पंप तीनचं भविष्य

सोमवार, ३ मार्च
आजपासून मशिनचं भविष्य मी सांगणार. तीन आणि चार, दोन्ही पंपांच्या बैठकीवर सेन्सर चिकटवले. कंपनं वाढली की समजायचं, बेअरिंग जाणार. मॅनेजरना शब्द दिला, यापुढे कारखाना अचानक बंद पडणार नाही. म्हणाले, पडला तर तुमची खुर्ची मिस्त्रींना देईन. गंमत करत असावेत.
संकल्प: पंप तीनशेजारी स्टूल टाकून, बैठकीवर पाय टेकून, आलेखावर स्वतः नजर ठेवणे.

मंगळवार, ४ मार्च
सकाळी बायको म्हणाली, अहो, पाय हलवणं थांबवा, चहा सांडतोय. विचारमग्न माणसाचं हिला काय कळणार!
११.१०. स्टुलावर बसतो न बसतो तोच तीनचा आलेख थरथरला! यत्र धूमस्तत्र वह्निः, धूर तिथे आग. बेअरिंग चाललं.
मिस्त्री आले. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला. म्हणाले, हा गातोय साहेब, कण्हतोय तो चार.
मत्सर म्हणतात तो हाच.

बुधवार, ५ मार्च
थरथर चालूच. फक्त जेवणाच्या सुट्टीत शांत. मिस्त्रीही नेमके तेव्हाच जेवतात! एक तर बेअरिंग चाललंय, नाहीतर मिस्त्री पंप हलवताहेत. दोन्ही असेल.

गुरुवार, ६ मार्च
दाढदुखी. रजा. घरून पाहिलं, आलेख दिवसभर सपाट. मी नसताना घातपात करून उपयोग काय? पक्का मुरलेला माणूस.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळपासून चारचा अलार्म बोंबलतोय. मिस्त्रींनीच फूस लावली असणार. अलार्म बंद केला. दोन्ही पंपांना चालणारं नवं बेअरिंग गोदामात एकच. ते तीनला. मिस्त्री म्हणाले, बघा बुवा, एकच आहे. बघितलं. एकच होतं.

रविवार, ९ मार्च
तीन उघडला. जुनं बेअरिंग आरशासारखं लख्ख. रोग वेळीच पकडला की असंच दिसतं. नवं बसवलं. जुनं भंगारात टाका म्हटलं, तर मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. संशयास्पद.

सोमवार, १० मार्च
११.४०. चारमधून धूर. आता अनुमान नको, प्रत्यक्षच. कारखाना ठप्प.
३.१५. मिस्त्रींनी फडकं सोडलं. तीनचं जुनं बेअरिंग चारला बसवलं. कारखाना चालू.
मॅनेजरनी आलेख मागवला, शेजारी माझी हजेरी ठेवली. मी आलो की थरथर, मी गेलो की शांत. मिस्त्री खाली बघत हळूच म्हणाले, साहेब, पाय.

मंगळवार, ११ मार्च
खुर्ची मिस्त्रींना. मला गोदामाची नोंदवही. शांत जागा आहे, लेखनाला उत्तम. मात्र टेबल सारखं हलतंय, अक्षर वाकडं येतंय. मिस्त्री आता बरोबर वरच्या मजल्यावर बसतात.
लक्ष ठेवलं पाहिजे.