एकटा अणू आणि लोणच्याची बरणी

बूढापारा, रायपूर
४ फेब्रुवारी २००४

चि. अनुश्रीस आजोबांचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तुझ्या खोलीतल्या पूर्णिमाची दाढ काढली का? तुमच्या सरांचा राग उतरला का? आणि प्रयोगशाळेतला तुझा तो एकटा अणू, त्याची तब्येत कशी? इकडे तुझ्या आजीचे गुडघे बोलून राहिले आणि माझे कान ऐकत नाहीत, म्हणून संसार झकास चालला आहे. रायपूर राजधानी झालं. खड्डे तेच, फक्त आता राजधानीचे.

तू लिहितेस, लेझरचा झोत टाकला की अणू ऊर्जेच्या हव्या त्या पायरीवर न चढता शेजारच्या पायरीवर जाऊन बसतो, आणि होळीपर्यंत जमलं नाही तर सर तुझं टेबल दुसऱ्याला देतील. पोट्टे, झोत एकदम काहून सोडतेस? मी अठ्ठावीस वर्षं पॅसेंजर हाकली. वाफ एकदम सोडली की सारे डबे धडधडतात. हळू सोड.

तुझा,
श्यामकांत आजोबा

पुणे
१६ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न.

खोकला गेला, दाढ गेली, राग तिथंच आहे. झोत हळूहळू चढवला. पूर्वी शंभरात तीसदा जमायचं, आता साठदा. सरांना नव्वद हवेत. मी झोत सावकाश वर नेते आणि पोचला की खट्‌कन बंद करते. अजून काय करू? पूर्णिमा विचारते, आजोबा कोणत्या विद्यापीठाचे? मी सांगितलं, लोको शेडचे.

तुमची,
अनुश्री

रायपूर
२२ फेब्रुवारी

चि. अनुश्रीस आशीर्वाद.

खट्‌कन? अगं बाई! सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा गोंदियाहून मीच गाडी आणली. अशी अलगद उचलली की त्या दुर्गपर्यंत घोरत होत्या. रायपूरच्या फलाटावर मात्र जावयाचा रुबाब दाखवायला ब्रेक खाड्‌कन मारला. त्यांच्या मांडीवरची लोणच्याची बरणी फुटली, सारं तेल त्यांच्या नव्या लुगड्यावर. पंचेचाळीस वर्षं झाली, तुझी आजी मले अजून लोणचं आपणहून वाढत नाही, मागावं लागते. जशी उचलतेस तशीच थांबव.

आजोबा

पुणे
३ मार्च

ती. आजोबा-आजींस नमस्कार.

जसा चढवला तसाच उतरवला. शंभरात त्र्याण्णव! टेबल माझंच राहिलं. सरांनी विचारलं, हे सुचलं कुठून? मी म्हटलं, फुटलेल्या बरणीतून. ते हसले नाहीत, पण वहीत लिहून घेतलं.

हे पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. मग तिनं जेवताना लोणचं न मागता वाढलं का, तेवढं उलट टपाली कळवा. वाट पाहून राहिले.

तुमची लाडकी,
अनुश्री